कारखान्याच्या आवारांतील दिवे

दिव्याचा इतिहास लिहिण्याची आमच्याकडे एक ठरीव पद्धत पडून गेली आहे. प्रथम चकमक, मग पणती, मग समई, मग रॉकेलचा कंदील आणि शेवटीं विजेचा गोळा. प्रत्येक पायरीवर शोधकाचें नांव, सन आणि त्याच्या बुद्धीची वाखाणणी. हा इतिहास खोटा नाहीं, परंतु तो अपुरा आहे. दिवा कोणीं लावला हें तो सांगतो; त्या दिव्याखालीं कोण उभा राहिला हें सांगत नाहीं. घरांतल्या दिव्यापुरतें हें न्यून फारसें जाणवत नाहीं, कारण तेथें दिवा लावणारा आणि त्याच्या उजेडांत बसणारा एकाच कुटुंबांतला असतो. पण ज्या ठिकाणीं दिव्याचा खर्च एकानें करावयाचा, त्याची जागा दुसऱ्यानें ठरवावयाची आणि त्याच्या उजेडांत काम तिसऱ्यानें करावयाचें, अशा ठिकाणीं हा प्रश्न टाळतां येत नाहीं. कारखान्याचें आवार हें असें ठिकाण होय. प्रस्तुत लेखांत सातारा आणि सांगली ह्या प्रदेशाच्या अनुषंगानें आम्ही हाच प्रश्न विचारणार आहों, आणि तोहि मुख्यतः उघड्यावरच्या दिव्यांविषयीं.

सातारा आणि सांगली यांचा एकत्र विचार करण्याचें कारण उघड आहे. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले, व दक्षिण साताऱ्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. तत्पूर्वीं ह्याच मुलुखांत औंध, सांगली, मिरज, फलटण अशीं संस्थानें विखुरलेलीं होतीं. तीं १९४८ सालीं विलीन झालीं. येथील उद्योगांचा इतिहास ह्या सीमारेषांहून जुना आहे, आणि त्यानें त्या रेषांची कधीं फारशी पर्वाहि केली नाहीं.

१९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपला कारखाना बेळगांवाहून हलवून औंध संस्थानच्या हद्दींत, कुंडलरोड स्टेशनजवळच्या माळावर आणला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं जमीन दिली व भांडवलासहि हातभार लावला. निवडुंगानें माजलेल्या त्या ओसाड जागेवर लोखंडी नांगर आणि उसाचे चरक तयार होऊं लागले, आणि पाहतां पाहतां किर्लोस्करवाडी हें नांव महाराष्ट्राच्या तोंडीं बसलें. अशा कारखान्याचें निम्में काम छपराखालीं आणि निम्में छपराबाहेर चालतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कच्च्या लोखंडाच्या राशी, कोळशाचे ढीग, ओतकामाची वाळू, स्टेशनावर न्यावयाचा तयार माल, हें सारें आवारांत पडलेलें असावयाचें. ओतशाळेंत वितळलेल्या रसाचा स्वतःचा उजेड तरी असतो. आवारांत मात्र सूर्य हाच मुख्य दिवा. तो मावळला कीं ज्याला तेथून जावयाचें आहे त्यानें हातांत कंदील घ्यावयाचा, ही त्या काळची सर्वत्र रीत होती.

तो कंदीलहि पुढें ह्याच मुलुखांत तयार होऊं लागला, हा एक सुखद योग होय. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडाजवळ काचेचा कारखाना काढला; ती जागा पुढें ओगलेवाडी म्हणून प्रसिद्धीस आली. तेथील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेडोपाडीं गेला. विजेच्या दिव्याशीं तुलना करतां ह्या कंदिलाचा प्रकाश अगदीं मिणमिणता. पण त्याचे तीन गुण विसरतां येण्यासारखे नाहींत. एक तर तो माणसाबरोबर चालत असे, म्हणजे जेथें काम तेथें उजेड. दुसरें असें कीं, त्याची निगा वापरणाराच राखीत असे. वात कातरणें, काच पुसणें, तेल भरणें हें सर्व त्याच्या हातीं होतें, आणि त्यामुळें दिवा कां बिघडला हें त्यास दुसऱ्या कोणास विचारावें लागत नसे. तिसरा गुण असा कीं, नको तेव्हां तो त्यास स्वतः विझवितां येत असे. विजेचा दिवा आला तेव्हां प्रकाश शेकडों पटींनीं वाढला, पण हे तीनहि अधिकार कामकऱ्याच्या हातून निसटले. दिवा खांबावर गेला, निगा मिस्त्रीकडे गेली आणि कळ कचेरींत गेली. पुढील सर्व तक्रारींचें मूळ आमच्या मतें येथें आहे.

दिवा म्हणजे केवळ कष्टाची लांबण असें मात्र कोणीं समजूं नये. कर्मवीर भाऊराव पाटील हे आरंभीं किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकीत गांवोगांव हिंडत होते, हें सर्वश्रुत आहे. त्या भटकंतींत त्यांनीं खेड्यांतील अज्ञान जवळून पाहिलें, आणि १९१९ सालीं कऱ्हाडाजवळील काले ह्या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास आलें. दिवसां शेतांत वा कारखान्यांत खपणाऱ्याला अक्षरओळख व्हावयाची तर ती रात्रींच, आणि रात्रीं ती दिव्याशिवाय होत नाहीं. तेव्हां दिवसाची लांबी वाढविण्याचें सामर्थ्य दिव्यांत आहे, हें खरें. ती वाढलेली घटका कोणाच्या पदरांत पडते, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आतां थोडें दूर जाऊं. विजेचा प्रकाश जगांत प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो घरांत नव्हे, तर उघड्यावर. दोन कोळशांच्या कांड्यांमध्यें प्रवाहाची ज्योत पेटवून मिळणारा हा प्रकाश इतका प्रखर असे कीं, तो दिवाणखान्यांत सोसवत नसे. १८७८ सालीं पॅरिसच्या रस्त्यांवर याब्लोचकोव्ह ह्या रशियन अभियंत्याचे दिवे लखलखले आणि सारें युरोप तें पाहून थक्क झालें. पण त्यांचे दोष लौकरच दिसूं लागले. कांड्या कांहीं तासांत जळून जात. दिवा मधूनच फरफर करी. आणि मुख्य म्हणजे दिव्याखालीं डोळे दिपत व चार पावलांवर सांवली पूर्वींपेक्षां काळी दिसे. मुंबईसहि हा अनुभव लौकरच आला. १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लावण्याचा मक्ता एका कंपनीनें घेतला, आणि पुढच्याच वर्षीं त्या कंपनीचें दिवाळें वाजून बाजार पुनः गॅसच्या उजेडावर आला. म्हणजे आमच्या इलाख्यांत विजेच्या दिव्याची पहिली हकीकत ही बंद पडलेल्या दिव्याची हकीकत आहे. नवीन दिवे बसले कीं लगेच बिघडतात, ही तक्रार आजची नव्हे.

परंतु दिवा बंद पडणें ही आपत्ति लहान. तो नीट चालणें ही कधीं कधीं मोठी ठरते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास हेंच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक गिरण्या उजाडतां सुरू होत व मावळतां बंद होत. हिवाळ्यांत दिवस लहान म्हणून काम कमी, उन्हाळ्यांत मोठा म्हणून अधिक; वर्षाची सरासरी सुमारें बारा तासांची पडे. हें काम कांहीं थोडें नव्हे, पण त्यावर एक मर्यादा होती, आणि ती कोणत्याहि सरकारानें घातलेली नव्हती; ती सूर्यानें घातलेली होती. १८८१ च्या कायद्यानें मुलांचे आणि १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचे तास बांधून दिले होते. प्रौढ पुरुषांस मात्र सूर्यास्ताखेरीज दुसरें संरक्षण नव्हतें. १९०४-०५ च्या सुमारास कापडास मागणी वाढली, नफा वाढला, आणि त्याच वेळीं एकामागून एक गिरण्यांत विजेचे दिवे लागले. ते उत्तम चालले. त्यामुळेंच संकट ओढवलें. कित्येक गिरण्यांत काम चौदा-साडेचौदा तासांवर गेलें. पहांटे अंधारांत घर सोडावें आणि रात्रीं अंधारांत घरीं परतावें, असा क्रम सुरू झाला.

ह्या गिरण्यांत कोण होते? रत्नागिरीकडील कोंकणे आणि सातारा-पुण्याकडील घाटावरचे कुणबी यांचा भरणा मोठा होता. ज्याच्या बापानें उभा जन्म दिवस मावळतां बैल सोडले, त्याला आतां दिवस मावळला हें गिरणीच्या खिडकींतून कळेनासें झालें. १९०५ सालीं मजूर बिथरले; कांहीं ठिकाणीं त्यांनीं काम सोडलें, दगडफेकहि झाली. वर्तमानपत्रांतून गिरणीमालकांवर टीकेचा भडिमार झाला. १९०६ सालीं सरकारनें एक समिति नेमली आणि १९०७ सालीं तिच्यामागून कमिशन बसविलें. प्रौढ पुरुषाचे तास कायद्यानें सरळ बांधून देण्यास कमिशनाचें बहुमत अनुकूल नव्हतें, डॉ. टी. एम्. नायर यांनीं मात्र आपली भिन्न मतपत्रिका जोडून त्याचा आग्रह धरला. अखेर १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांसाठीं बारा तासांची मर्यादा घातली, व पाळीपद्धति नसेल तेथें पहांटे साडेपांचपूर्वीं आणि सायंकाळीं सातनंतर काम घेण्यास मनाई केली. पुढें १९२२ सालीं अकरा, १९३४ सालीं दहा आणि १९४८ सालीं नऊ तास अशी ही मर्यादा उतरत आली. साडेपांच आणि सात हे आंकडे वाचकांनीं पुनः पाहावे. सूर्यानें घातलेली जी मर्यादा विजेनें मोडली, तीच कायद्यानें घड्याळाच्या भाषेंत पुनः लिहून काढली. यंत्र नवें आलें तर नियमहि नवा लागतो, आणि तो यंत्राबरोबर आपोआप येत नाहीं, हा धडा आम्ही १९०५ च्या दिव्यांपासून घेतला पाहिजे.

आतां पुनः आपल्या मुलुखाकडे वळूं. कोयना नदी महाबळेश्वरीं उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तिच्या पाण्यापासून वीज काढण्याची कल्पना टाटांच्या अभियंत्यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच मांडली होती. पण ती त्या वेळीं बाजूस पडली. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं काम सुरू झालें, आणि १९६२ सालीं घाटाखालीं पोफळी येथील जनित्रें फिरूं लागलीं. धरण सातारा जिल्ह्यांत, वीजगृह रत्नागिरी जिल्ह्यांत, आणि विजेचा पहिला मोठा ओघ मुंबईकडे, अशी ही वांटणी झाली. जलाशयाखालीं ज्यांचीं गांवें गेलीं त्यांना उठून दुसरीकडे वस्ति करावी लागली. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनानगरास भूकंप झाला. दोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं, वीजगृह थांबलें आणि मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला. ज्या नदीच्या पाण्यावर आपला दिवा जळतो तिचें नांव मुंबईकरांपैकीं पुष्कळांना त्या दिवशीं प्रथम कळलें असावें. आज कोयनेच्या चारी टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगॅवॉट आहे. साताऱ्यानें महाराष्ट्राला उजेड दिला ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण आपल्या अंगणांतल्या दिव्याचा प्रश्न त्यानें सुटला असें मात्र नव्हे.

कां सुटला नाहीं, हें कळण्यासाठीं थोडें शास्त्रांत शिरलें पाहिजे. विजेचा दाब स्थिर असेल तरच दिवा सुखानें जळतो. जुन्या तारेच्या गोळ्याचा दाब शेंकडा ५ नें वाढला तर त्याचें आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. उलट दाब शेंकडा १० नें घटला तर प्रकाश सुमारें तीन-दशांशानें कमी होतो. खेड्यांकडे जाणाऱ्या लांब तारांवर शेकडों पंप एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. तेथें दाब सदा हेलकावे खात असतो. म्हणून शहरांत वर्षभर टिकणारा दिवा माळावरच्या कारखान्यांत दोन महिन्यांत जाई, आणि दोष गोळ्याच्या माथीं बसे. दुसरा नियम अंतराचा. खांबाची उंची दुप्पट केली कीं त्याच दिव्याचा थेट खालीं पडणारा उजेड एक-चतुर्थांश होतो. ‘उंच लावा म्हणजे दूरवर दिसेल’ हा हिशेब म्हणून फसतो. दिवा दूरवरून दिसतो खरा, पण त्याखालची वाट दिसत नाहीं. तिसरा नियम डोळ्याचा. अंधारास पुरतें सरावण्यास मानवी डोळ्याला वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि एकदां तीव्र दिव्याकडे पाहिलें कीं ती सगळी तयारी क्षणांत वायां जाते. म्हणजे एकच अतिप्रखर दिवा लावणें हें पुष्कळदां एकहि दिवा न लावण्याहून वाईट असतें.

आमच्या परिचयाचा एक कारखाना आहे. त्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच्या आवारांत मोठ्या थाटानें नवे दिवे बसले. आम्ही ते मुद्दाम जाऊन पाहिले, कारण तेथील कांहीं माणसें आमचीं जुनीं विद्यार्थी. सर्व दिवे एकाच इमारतीच्या छपराच्या कडेला, फाटकाकडे तोंड करून लावलेले. मोटारी मागें घेणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत ते भाल्यासारखे घुसत. फाटकावरच्या राखणदारास समोरून येणारा माणूस नुसता काळा आकार दिसे. आणि पाळी सुटल्यावर सायकली ठेवण्याच्या जागेकडे जाणारी पाऊलवाट एका मोठ्या टांकीच्या सांवलींत तशीच राहिली होती. अंधार पडतांच आपोआप पेटण्यासाठीं एका दिव्यावर प्रकाश ओळखणारें यंत्र बसविलें होतें. पण त्याचें तोंड दिव्याकडेच. दिवा पेटला कीं यंत्रास दिवस उगवला असें वाटे व तें त्यास विझवी. विझला कीं रात्र झाली असें वाटून पुनः पेटवी. रात्रभर हा खेळ चाले. वळवाचा पहिला पाऊस झाला तेव्हां तिघां दिव्यांत पाणी शिरलें, कारण तार वरून सरळ आंत घेतली होती; तिला दिव्यांत शिरण्यापूर्वीं खालीं झोळ दिला असता तर पाणी त्या झोळावरून ठिबकून गेलें असतें. पाण्यामुळें खांबांत वीज झिरपूं लागली, रक्षक कळ वारंवार पडूं लागली, आणि कोणीतरी उपाय म्हणून ती कळच काढून टाकली. ह्या शेवटच्या उपायाचा अर्थ असा कीं, दिवा विझूं नये म्हणून माणसाच्या जिवाचा पहारा उठविला. पुढें एका जाणत्या मिस्त्रीनें ती पुनः बसविली, हें सुदैव.

ह्यांत अघटित असें कांहींच नाहीं. हीं सारीं न्यूनें चार दिवसांत दूर होण्याजोगीं. मग तीं महिनोन्महिने कां राहिलीं? कारण जागा ठरवितांना रात्रीं त्या वाटेनें जाणाऱ्या एकासहि कोणीं विचारलें नव्हतें. दिव्यांची पाहणी झाली ती दिवसां, आणि झाली ती बिलें पास करणाऱ्यांकडून. आमच्या भाषेंतील ‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण मोठ्यांच्या घरच्या उणीवेस उद्देशून वापरली जाते. येथें ती शब्दशः खरी झाली होती.

अमेरिकेंत शिकागोजवळ हॉथॉर्न येथील कारखान्यांत १९२४ ते १९२७ ह्या काळांत दिव्यांचे एक प्रसिद्ध प्रयोग झाले. उजेड वाढविला तर काम किती वाढतें, हें मोजण्याचा हेतु होता. उजेड वाढविला, काम वाढलें. पण कांहीं वेळां उजेड कमी केला तरी काम वाढल्याचें आढळलें, आणि प्रयोगकर्ते चक्रावले. त्यावरून पुढें पुष्कळ तर्क लढविले गेले. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे ह्या जाणिवेनेंच माणसें हुरूपानें काम करतात, असा निष्कर्ष बराच काळ शिकविला जात असे; नंतरच्या अभ्यासकांनीं जुने आंकडे पुनः तपासून त्याविषयीं शंकाहि घेतल्या आहेत. तो वाद आम्ही येथें मिटवूं शकत नाहीं. त्यांतून एवढें मात्र निर्विवाद निघतें कीं, उजेड आणि काम यांचें नातें मिस्त्रीच्या मोजपट्टीनें संपूर्ण मापतां येत नाहीं. दिवा कोणाच्या सोयीसाठीं लागला आहे, हें काम करणारास कळतें.

कायद्यानेंहि ही गोष्ट उशिरानें कां होईना ओळखली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या सतराव्या कलमांत असें सांगितलें होतें कीं, कामगार जेथें काम करतात किंवा जेथून जातात त्या प्रत्येक भागांत पुरेसा आणि योग्य प्रकाश असावा. इतकेंच नव्हे तर डोळे दिपूं नयेत आणि ताण वा अपघात होईल अशा सांवल्या पडूं नयेत याचीहि तजवीज असावी. २०२० सालीं संसदेनें ह्या विषयाची नवी संहिता मंजूर केली. पण जुन्या कलमांतील ‘जेथून जातात’ हे दोन शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. यंत्रापाशीं उभा असतांनाच तेवढा मनुष्य कामगार, आणि पाऊलवाटेनें चालूं लागला कीं तो कोणीच नव्हे, असें मानण्याची जुनी खोड ह्या दोन शब्दांनीं मोडली.

ती खोड पुरती मोडली काय? कृष्णाकांठच्या साखरकारखान्यांच्या आवाराकडे गळिताच्या हंगामांत रात्रीं पाहावें. सहकारी चळवळीनें १९५० नंतर हा सारा प्रदेश बदलून टाकला, आणि त्याबद्दल तिला श्रेय दिलेंच पाहिजे. कारखाना अहोरात्र चालतो. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग दूरवर उभी असते. वजनकांट्यावर लखलखाट असतो, आणि तो योग्यच. मापांत कसूर होऊं नये असें शेतकऱ्यासहि वाटतें आणि कारखान्यासहि. परंतु बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या जेथें पडतात तेथें पुष्कळदां एकहि खांब नसतो. पहांटे तीनला उठून भाकरी थापणारी बाई, झोळींतलें मूल, आडोशाला जाणारी पोर आणि उसाच्या पाचोळ्यांतला साप, हीं सर्व तेथें एकाच काळोखांत वावरतात. उसाला उजेड आणि ऊस तोडणाराला अंधार, हा हिशेब कोणीं दुष्टपणानें मांडलेला नाहीं. आवाराची हद्द जेथें संपते तेथें खांब संपतात, इतकेंच. पण अन्याय पुष्कळदां असाच, कोणाचाहि हेतु नसतांना, नुसत्या हद्दीच्या रेषेनें घडत असतो.

दिवा माणसाची राखण कशी करतो, ह्याचें एक जुनें उदाहरण सांगलीशेजारच्या हरिपुरांत होतें. तेथें हळद सांठविण्यासाठीं जमिनींत खोल पेवें खणीत. त्यांतील बहुतेक २००५ च्या महापुरानें निकामीं केलीं. बंद पेवांतली हवा जीवघेणी असूं शकते, म्हणून पेव उघडल्यावर लगेच आंत उतरूं नये ही जुनी शिस्त. अशा जागीं ज्योतीचा दिवा आणि विजेचा दिवा यांत एक मोठा भेद आहे. हवेंतला प्राणवायु कमी झाला कीं ज्योत मंदावते, विझते, आणि माणसाला मागें फिरण्याची सूचना देते. काचेच्या आंत कोंडलेला विजेचा गोळा तशाच हवेंत निर्विकारपणें लखलखत राहतो. अधिक प्रकाश म्हणजे अधिक सुरक्षितता, हें समीकरण म्हणून सर्वस्वी खरें नव्हे. जुन्या साधनाबरोबर एखादें संरक्षणहि नकळत निघून जातें. तें ओळखून त्याची भरपाई दुसऱ्या उपायानें करावी लागते.

अलीकडे डायोडचे दिवे आले. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें यथायोग्यच होतें. जुन्या गोळ्याच्या मानानें अत्यल्प विजेंत हे दिवे तितकाच प्रकाश देतात. पण स्वस्ताईची स्वतःची एक आपत्ति असते. उजेड महाग होता तोंवर तो कोठें हवा याचा विचार करावा लागे. तो स्वस्त झाला आणि विचार महाग झाला. पांढऱ्या-निळसर झोतावर किड्यांचे थवे जमतात, शेजारच्या वस्तीची झोंप मोडते, आणि दाबाचा एक धक्का बसला कीं दिवा नव्हे तर त्याचें पोषण करणारें आंतील यंत्रच जळतें, तेव्हां सबंध दिवा बदलावा लागतो. प्रकाशाचा रंग थोडा पिवळसर ठेवावा, दिव्यास वरून झांकण असावें, झोत खालीं वळलेला असावा, आणि एका मोठ्या दिव्याऐवजीं कमी उंचीवर चार लहान लावावे, इतक्या साध्या गोष्टींनीं ह्यांतील बहुतेक त्रास टळतो.

कारखानदारांची बाजूहि सांगितली पाहिजे. आवारांत चोरी होते, अपघात होतात, राखणदार अपुरे असतात. प्रकाश हा सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे, असें ते म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. पहाऱ्याचा दिवा आणि वाटेचा दिवा हे दोन्ही लागतात. एकावर दुसऱ्याचें काम भागत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें. पहाऱ्याच्या दिव्याला माणूस दिसावा लागतो. वाटेच्या दिव्यांत माणसाला दिसावें लागतें. ‘माणूस’ आणि ‘माणसाला’ ह्या दोन विभक्तींमध्यें जें अंतर आहे, तेंच १९०५ च्या गिरणीदिव्यांपासून आजच्या झगमगत्या आवारांपर्यंत चालत आलें आहे.

ह्यावर आमची सूचना अगदीं साधी आहे. नवीन दिवे बसल्यावर त्यांची पसंति दिवसां कागदावर देऊं नये. अमावास्येच्या आसपासच्या एका रात्रीं, पाळी सुटण्याच्या वेळीं, अधिकाऱ्यानें आवारांतून पायीं फिरावें. बरोबर राखणदार, झाडूवाली, गाडीवान आणि एक मिस्त्री घ्यावा. प्रत्येकास तीन प्रश्न विचारावे: पाय कोठें ठेवावा हें दिसतें काय, समोरच्याचा चेहरा ओळखूं येतो काय, आणि ह्या दिव्यामुळें तुमचें काम घटकाभर वाढलें कीं तुमची वाट घटकाभर सोपी झाली? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिस्त्री दुरुस्त करूं शकेल. तिसऱ्याचें उत्तर मात्र ज्याच्या हातीं कळ आहे त्यालाच द्यावें लागेल.

ओगलेवाडीच्या कंदिलाचे दिवस आतां परत येणार नाहींत, आणि ते यावेत असें आम्हांस वाटतहि नाहीं. कोयनेच्या विजेनें जें दिलें तें हातच्या कंदिलानें कधींच दिलें नसतें. पण त्या कंदिलाचा एक धर्म खांबावरच्या दिव्यानेंहि पाळण्याजोगा आहे: ज्याला वाट चालावयाची त्याच्या पायांपुढें उजेड पडावा. तेवढें साधलें तर दिवा चांगला. न साधलें तर तो कितीहि प्रखर असो, त्यानें फक्त काळोखाची जागा बदलली असें समजावें.